फ्रिज असलेली माणसं

मंगळवार, १ एप्रिल

आज परत माझं डोकं फिरलं, म्हणून ही वही काढली. मी घरात आवाज चढवला की आईची शुगर वाढते असं डॉक्टर एकदा बोलून गेले. खरं असो वा नसो, तेव्हापासून मी जरा ओरडले की आई कपाळ धरून खाली बसते आणि माझं तोंड बंद होतं. तेव्हा इथून पुढं जे ओरडायचं ते इथंच.

मी ज्या संस्थेत सर्वेक्षणाचं काम करते, ती आमच्या भागातल्या गरीब घरांना पावसाळ्याआधी नवं छप्पर घालून देणार आहे. पत्रा, लोखंड, मजुरी सगळं संस्थेचं. पण गरीब कोण, ते आधी ठरायला हवं. त्यासाठी आज शाळेच्या पटांगणात गावाची बैठक घेतली. मी फरशीवर खडूनं वस्तीचा नकाशा काढला आणि बायकांना वालाचे दाणे वाटले. ज्या घराची सगळ्यांत ओढाताण आहे असं वाटतं, त्यावर दाणा ठेवायचा. गावालाच विचारायचं, अशी ही रीत.

सगळ्यांत जास्त दाणे पडले कुशाकाकूच्या घरावर. कुशाबाई आणि चांगदेवकाका आमच्या बांधाला लागून राहतात. दोन एकर कोरडवाहू, जुनी कौलं, कुजलेले वासे. गेल्या पावसाळ्यात भिंती इतक्या ओल्या राहिल्या की काकांना न्यूमोनिया झाला आणि नारायणगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढचा पावसाळा या घरात काढू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. म्हणजे दाणे बरोबर जागी पडले होते. आमच्या घरावर कुणी एकही दाणा ठेवला नाही. मला पगार आहे, आणि आमच्याकडं फ्रिज आहे.

तेवढ्यात कुशाकाकू उठली, आपल्या घरावरचे दाणे मुठीत गोळा केले आणि माझ्या पिशवीत परत टाकले.

"घरात पोरगं लग्नाचं हाय," ती म्हणाली. "आमच्या घरावर दाणं नका टाकू."

आदेश तेहतीस वर्षांचा आहे, टोमॅटोचा टेम्पो चालवतो. कुणी मुलगी देत नाही. ते सगळं मला कळतं. पण छप्पर डोक्यावर येऊन पडेल तेव्हा हिचं पोरगं काय मांडव तोलून धरणार आहे? बैठकीत मी हसत राहिले, घरी येऊन भांडी आपटली.

शुक्रवार, ११ एप्रिल

अवसरीला प्रशिक्षण चालू आहे. मुक्काम मंचरला, मैत्रिणीकडं.

साहेब शहरातून आलेत. चांगलं बोलतात, तेच जास्त टोचतं. सकाळभर त्यांनी गरिबी समजावून सांगितली. एके काळी माणसाच्या पोटात किती उष्मांक जातात त्यावर रेषा आखायचे. मग महिन्याचा खर्च बघायला लागले. मग कुणी म्हणालं, गरीब हा शेजाऱ्याच्या मानानं गरीब असतो, म्हणून आजूबाजूच्यांशी तुलना. आता एकाच गोष्टीनं मोजत नाहीत. शिक्षण, आरोग्य, जळण, पाणी, जमीन, वस्तू, सगळ्याला गुण. मी वहीभर उतरवून घेतलं. आयुष्यभर जे घरात बघितलं त्याला इतकी नावं आहेत हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, गावानं दाण्यांनी जे सांगितलं त्याचं काय करायचं. साहेब म्हणाले, तो लोकांचा समज आहे, त्याचा आदर आहे, पण समजावर छप्पर देता येत नाही. आपण डोळ्यांनी पाहू तेच धरायचं. वस्तू दिसली की टॅबवर फोटो काढायचा; जागा आणि वेळ त्यातच नोंदली जाते, मग ती कुणाला बदलता येत नाही. घरात फ्रिज दिसला की घर यादीबाहेर. मी विचारलं, फ्रिज बंद पडलेला असला तर? साहेब म्हणाले, असणं महत्त्वाचं, चालणं नाही.

सगळे हसले. मीपण हसले आणि नंतर स्वतःचाच संताप आला.

स्वतःच्या घराचं सर्वेक्षण स्वतः करायचं नाही असा नियम आहे. आमच्या घरी माझ्यासोबत काम करणारा अमृत जाणार.

रविवार, १३ एप्रिल

रागात लिहितेय, अक्षर वाईट येणार.

मंचरहून घरी न जाता थेट कामाला लागले. रविवारी माणसं घरात सापडतात. कुशाकाकूच्या दारात चार-पाच अनोळखी चपला, बाहेर पांढरी गाडी. आदेशला बघायला मुलीकडचे आले होते. आजकाल आमच्याकडं मुलाचंच घर तपासून बघतात. मी मागं वळणार होते, पण काकूनं मला पाहिलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ये गं, ही आमच्या शेजारची, सरकारात मोठ्या कामाला आहे. सरकारात नाही, पण ते सोडा.

आत गेले तर ओसरीवर आमचा फ्रिज.

आमचा. मी पहिल्या पगारातून हप्त्यावर घेतलेला. खालच्या कोपऱ्यात अमृतच्या मोटारसायकलचं हँडल लागून पोचा आलाय, तो पोचासुद्धा समोर. दारावर मी बाबासाहेबांचा निळा स्टिकर लावला होता. त्यावर जाड कागद चिकटवला होता, लक्ष्मीचं चित्र असलेला. कडा नीट दाबून, एकही सुरकुती नाही.

मुलीचे वडील बसले होते, मुलगी समृद्धी पण बरोबर आली होती. मंचरला औषधांच्या दुकानात काउंटरवर असते म्हणे. तिनं बरोबर आणलेली मिठाई आत ठेवायला फ्रिज उघडला आणि जरा वेळ तशीच वाकून बघत राहिली. मला वाटलं, किती माल आहे ते मोजतेय. अशा बायकांचाही मला राग येतो.

पाहुण्यांसमोर मी विचारत गेले, काकू सांगत गेली. शेवटी मी टॅबवर बोट ठेवून विचारलं, "फ्रिज तुमचाच ना?"

काकूनं माझ्याकडं पाहिलं. "मंग कुणाचा," ती म्हणाली.

मी फोटो काढला. होय दाबलं. नियम म्हणजे नियम. संध्याकाळी अमृत म्हणाला, पाहुणे गेल्यावर उद्या जायचंस की. अमृतचं काय जातंय बोलायला. मी डोळ्यांनी पाहिलं ते धरलं.

सोमवार, १४ एप्रिल

आज जयंती. विहारात गेले, वंदना केली, मिरवणुकीत नाचले नाही. पोरं निळे झेंडे घेऊन कुशाकाकूच्या दारावरून गेली आणि मला आत काय झाकून ठेवलंय ते माहीत होतं.

आईशी भांडण झालं. फ्रिज कुणाला विचारून दिला? तर म्हणे, कुशाताईनं मागितला, दिला. आई आणि कुशाकाकूची तीस वर्षांची सावड आहे. सावड म्हणजे आज तुमच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या आमच्या. मजुरीचा प्रश्न नाही. पण त्या तीस वर्षांत आई तिला ताई म्हणते आणि ती आईला जानके. दुपारी दोघी एकाच झाडाखाली भाकरी सोडतात आणि काकू आपली पाण्याची बाटली घरून आणते. मला दुसरं पाणी बाधतं, म्हणते. आमच्या रानात आली की तिला बरोबर बाधतं. हे मी लहानपणापासून बघतेय आणि आई त्यावर काही बोलत नाही.

"आणि स्टिकरवर कागद लावताना तुला काहीच नाही वाटलं? तिला लावू दिलास?"

"तिनं न्हाई लावला," आई म्हणाली. "मीच लावला. पोराचं जमतंय तर जमू दे. कागद हाय, निघंल."

मी झाडू घेऊन घर झाडायला लागले. बरंच झालं, नाहीतर जयंतीच्या दिवशी आईला नको ते बोलले असते.

मग आठवलं म्हणून विचारलं, तुझं इन्सुलिन कुठं ठेवतेस? माठाखाली ओल्या फडक्यात, म्हणाली. आम्ही फ्रिज घेतला तोच तिच्या औषधासाठी. आता दुसऱ्याच्या पोराच्या लग्नासाठी तिनं फडक्यावर दिवस काढायचे.

शनिवार, १९ एप्रिल

फ्रिज अजून तिकडंच. मुलीची मामी परत घर बघायला येणार आहे म्हणे. आई रोज सकाळी उठून कुशाकाकूकडं जाते. विचारलं तर ताक आणायला जाते म्हणते. ताक आणलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तिथं जाऊन पितही असेल, आमच्या फ्रिजमधलं गार.

मंगळवार, २२ एप्रिल

यादी लागली.

कुशाकाकूचं घर बाहेर. कारण: फ्रिज. आमचं घर आत.

मी दोनदा वाचलं. अमृत आमच्याकडं गेला तेव्हा आईला विचारलं, फ्रिज आहे का. आईनं सांगितलं, नाही. त्याला दिसलाही नाही, कारण तो शेजारी पाहुण्यांना सरबत देत होता. अमृत एका तासासाठी आला, आमच्याकडं फ्रिज होता हे त्याला पुरतं माहीत, पण त्यानंही डोळ्यांनी पाहिलं तेच धरलं. एक फ्रिज बांध ओलांडून गेला, त्यानं आम्हाला गरीब केलं आणि त्यांना श्रीमंत. वालाच्या दाण्यांनी जे एका सकाळी बरोबर सांगितलं होतं ते आमच्या टॅबनं उलटं करून ठेवलं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एक मेच्या ग्रामसभेत हरकत घ्या. ज्या घराची चूक झाली त्या घरानंच उठून सांगायचं. शेजाऱ्याची हरकत चालत नाही. त्यानंतर यादी पक्की.

शुक्रवार, २५ एप्रिल

दादाभाऊ सोसायटीच्या ओट्यावर बसतात आणि गावाचा हिशेब तोंडी ठेवतात. आज मला ऐकू जाईल असं म्हणाले, वाढपी घरचा असला की मग पंगतीला काय तोटा. चार जण हसले. मी स्कूटी थांबवली, उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि परत गाडीवर बसून निघाले. आता वाटतंय काय काय बोलायला हवं होतं.

तशीच तापलेली कुशाकाकूकडं गेले. सांगितलं, ग्रामसभेत उठून एवढंच म्हणा की फ्रिज तुमचा नाही. छप्पर मिळेल. आमचं नाव निघेल, निघू दे, मला ते नकोच आहे.

काकू तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. आत काका खोकत होते, एप्रिलच्या उन्हात. ती म्हणाली, समृद्धीचा चुलता त्याच सभेला येणार आहे, दादाभाऊंचा तो साडू. त्याच्यासमोर कसं सांगू?

"आणि काकांचं काय?"

"पोराचं एकदा व्हऊ दे," ती म्हणाली. "आमी काय, काढू आणिक एक पावसाळा. पलास्टिक टाकू."

मला तिची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. ओसरीवर फ्रिज गुरगुरत होता. आमचं वीजबिल तेवढं वाचलं.

रविवार, २७ एप्रिल

समृद्धी आज मामीला घेऊन आली होती, घर दाखवून झाल्यावर एकटीच मागं थांबली आणि बांधावरून थेट आमच्याकडं आली. मला वाटलं, काहीतरी चौकशी करणार. केलीच.

"जानकाबाई हनुमंत कोण?" तिनं विचारलं. मी म्हणाले, माझी आई, हनुमंत माझे वडील, वारले.

तिचा चेहरा खुलला. म्हणाली, त्या दिवशी मी मिठाई ठेवायला फ्रिज उघडला, तर दारात इन्सुलिनचे पेन ओळीनं लावलेले, आमच्याच दुकानाचं लेबल, त्यावर हे नाव. पुढच्या वेळी आले तरी होते. मग आदेशला विचारलं, तर तो म्हणाला, शेजारच्या काकूंचं आहे, त्या रोज सकाळी येऊन घेतात.

मग ती म्हणाली, "शेजारणीचं औषध आपल्या फ्रिजमध्ये इतकं जपून ठेवतात. मी तेव्हाच ठरवलं, या घरात यायला हरकत नाही. म्हणून मी होकार कळवला."

ताक. रोज सकाळचं ताक. माठाखालचं फडकं. आई रोज उठून दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन स्वतःच्या फ्रिजमधून स्वतःचं औषध मागून घेत होती, आणि त्याचं पुण्य कुशाकाकूच्या पदरात पडत होतं.

मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. फ्रिज कुणाचा, कागदाखाली काय आहे, कागद कुणी लावला, यादीत काय झालं, आणि काकांची छाती. मी ओरडत होते बहुतेक. आई आतून आली आणि दाराशी कपाळ धरून खाली बसली. या वेळी मी थांबले नाही.

समृद्धी ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं, घर गळतं?

गळतं, मी म्हणाले. वासे कुजलेत.

"मला सांगितलं कौलं मुद्दाम ठेवलीत, गारवा राहतो म्हणून," ती म्हणाली. मग पर्स उचलून निघून गेली.

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुज्या खरेपणानं त्या पोराचं घर बसत व्हतं ते उठवलंस."

बुधवार, ३० एप्रिल

तिकडून काही निरोप नाही. आदेशनं माझ्याकडं बघून मान फिरवली. समृद्धीचे वडील चिडलेत, एवढं गावातून कळलं. आई आज सकाळी ताक आणायला गेली नाही, आणि काकूच स्वतः पेन घेऊन आली, आईच्या हातात देऊन उंबऱ्याबाहेरूनच गेली.

मी चुकले नाही. हे मी लिहून ठेवतेय, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही. लग्न मोडलं तर मोडलं, खोट्यावर उभं होतं. मग मला जेवण का जात नाही?

गुरुवार, १ मे

झेंडावंदन झालं, ग्रामसभा भरली. साहेब आले होते. समृद्धीचा चुलता दादाभाऊंच्या शेजारी खुर्चीवर. साहेबांनी यादी वाचली. आईचं नाव आलं तेव्हा दादाभाऊंनी नुसता घसा खाकरला.

आई उठली. म्हणाली, "आमचं नाव काढा. आमच्याकडं फ्रिज हाय." साहेबांनी विचारलं, कुठं आहे? आई म्हणाली, दुरुस्तीला गेलाय.

खोटं. तेही तिच्यासाठी, जी तीस वर्षं आमच्या रानात पाणी घरून आणते. आता आमचंही नाव जाणार, त्यांचंही आलेलं नाही. मी उठायला लागले, अमृतनं माझा हात दाबून धरला. मी तो झटकला, पण त्याआधीच बायकांच्या मागून आवाज आला.

"दुरुस्तीला न्हाई गेला," कुशाकाकू म्हणाली. ती उभी होती, पदर दोन्ही हातांनी धरून. "माज्या घरात हाय. पावण्यांना दाखवायला आणला व्हता. जानकाबायचा हाय तो."

चुलता खुर्चीत सरळ झाला. साहेब टॅब चाळत म्हणाले, बाई, फोटोत तो तुमच्या घरात आहे. तोंडी सांगण्यानं फोटो बदलत नाही.

मला वाटलं आता मी त्यांचा टॅब घेऊन आपटणार. पण आदेश उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत फ्रिज उभा, दोरानं बांधलेला, आणि दोन्ही बाजूंनी दोन पोरं धरून. भर दुपारी, सगळ्या वस्तीतून. लक्ष्मीचा कागद निम्मा फाटून लोंबत होता, वाऱ्यानं फाटला की आदेशनं फाडला, ते माहीत नाही. खालून निळा स्टिकर दिसत होता.

"कुठं ठिवायचा त्ये सांगा," आदेश साहेबांना म्हणाला. "तितं फोटू काडा."

साहेबांना ट्रॉलीमागं चालत आमच्या घरापर्यंत यावं लागलं. त्यांनी स्वतः फोटो काढला. आमचं घर यादीबाहेर, कुशाकाकूचं आत. परतताना साहेब मला म्हणाले, आपल्या पद्धतीत दुरुस्तीची सोय आहे, हे किती चांगलं. मी म्हणाले, हो सर, फक्त ट्रॅक्टर लागतो.

चुलता चहा न घेता गेला. अंधार पडायच्या आत समृद्धीचा फोन आला, मला, आदेशला नाही. म्हणाली, वडील चार दिवस घुश्शात राहतील, राहू देत. आदेशकडचे आमच्या घरी आले तेव्हा बसायला दिलेला सोफा शेजारून मागून आणलेला, हे वडिलांनाही माहितेय. आणि छप्पर पावसाआधी होईल ना, तेवढं बघ.

रविवार, ४ मे

पत्र्याची मापं घेऊन गेले. महिनाअखेर काम सुरू होईल.

मी अजून कुशाकाकूशी बोललेले नाही. राग गेलेला नाही, जायचं काही कारणही दिसत नाही. ग्रामसभेत एकदा उठली म्हणून तीस वर्षं पुसली जात नाहीत. आई म्हणते, तू लई धरून ठेवतीस. ठेवते.

दुपारी काकू आली. हातात खोबरेल तेलाची वाटी. कुणाला न विचारता आत आली, फ्रिजसमोर खाली बसली आणि कागदाचा उरलेला डिंक नखानं, तेलानं काढत राहिली. बाबासाहेबांच्या चष्म्यावर बोट फिरवताना हळू झाली. आई चुलीपाशी बसून बघत होती. मी तिला थांबवलं नाही.

उठताना तिनं पिशवीतून बाटली काढली. तीच, रानात आणते ती. मला वाटलं आता गटागटा पिऊन जाईल. तिनं झाकण काढलं, बाटली माझ्यापुढं धरली. रिकामी होती.

"भरून ठिव गं गार व्हायला," ती म्हणाली. "उद्या तुमच्या रानात सावड हाय. जाताना न्हेईन."

मी आमच्या माठातून बाटली भरली, झाकण लावलं आणि आईच्या औषधांशेजारी ठेवली.